वाढलेल्या काचा

अक्कांनी इतकी वर्षं काचा फोडल्या, पण ‘काच फुटली’ असं त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. काच वाढली. सकाळधरनं चार वाढवल्या. एवढी एक वाढवते, मग जेवू. लॅबमध्ये नवीन आलेला माणूस पार चक्रावून जायचा. समोर काचेचा चुरा, हातात झाडू, आणि ही बाई खुशाल सांगतेय की काच वाढली. वाढली म्हणजे लांबीला का रुंदीला, असं एका डिप्लोमा करून आलेल्या पोरानं विचारलंही होतं. अक्का म्हणाल्या, पुण्याईला.

बारामतीच्या एमआयडीसीत मोटारींच्या पुढच्या काचा करणारा आमचा कारखाना आहे. तिथला चाचणी विभाग मी सांभाळतो. सांभाळतो ते कागदोपत्री. अक्का होत्या तोवर विभाग त्या सांभाळायच्या, आणि मलाही. माझा स्वभाव जरा तिखट आहे. ह्या धंद्यात डोकं थंड पाहिजे असं सगळे मला ऐकवतात, पण भट्टीच्या शेजारी बसून कुणाचं डोकं थंड राहिलंय ते मला एकदा दाखवा.

विमलअक्का मूळच्या इंदापूरच्या, कासाराच्या घरातल्या. म्हणजे बांगड्या भरणाऱ्यांच्या. लग्न होऊन बारामतीला आल्या. अंगानं भरलेल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि आवाज असा की भट्टीच्या घरघरीवरनं पलीकडच्या शेडमध्ये पोचायचा. त्यांचे यजमान, नाना, अतिशय अबोल. ते अबोल जन्मले की लग्नानंतर झाले यावर कॅन्टीनमध्ये दोन तट होते. मला त्या मास्तर म्हणायच्या. मी कधी शाळेत शिकवलेलं नाही, पण मला प्रत्येक गोष्ट समजावून सांगायची खोड आहे, तेवढ्यावरनं त्यांनी नाव ठेवलं आणि मग अख्ख्या कारखान्यानं ते उचललं.

त्यांचं काम सांगायला सोपं. काच चौकटीवर ठेवायची. वर चुंबकाला लोखंडी गोळा चिकटवायचा. बटण दाबलं की गोळा सुटतो आणि काचेवर आदळतो. बटण दाबायच्या आधी अक्का उलट्या हातानं काचेला एकदा हात लावायच्या, आजारी माणसाचा ताप बघावा तसा, आणि म्हणायच्या, “चल बाई.” मग धाडकन आवाज. पुढच्या काचेचं एक आहे, ती फुटली म्हणून आम्ही तिला नापास करत नाही. तडा जाईल, चांदणी उमटेल, जाळं पसरेल, चालतं. गोळा आरपार गेला किंवा तुकडे सुटून आत उडाले, तर नापास. आतल्या माणसाला धरून राहिली ती पास. हे मी नवीन पोरांना तासभर सांगायचो. अक्का चहाचा कप खाली ठेवेपर्यंत सांगून मोकळ्या व्हायच्या.

कारण त्यांनी त्याचं घरगुती व्याकरण करून टाकलं होतं. पुढची काच ही एक काच नसतेच. दोन काचा असतात आणि मध्ये एक पारदर्शक चिकट पापुद्रा. अक्कांच्या भाषेत बाहेरची सासू, आतली सून, आणि मधला तो नवरा. दोघींना धरून ठेवायचं एवढंच त्याचं काम, आणि तो दिसला नाही पाहिजे. दिसला म्हणजे बुडबुडा धरला, काच बाद. एकदा कुठल्याशा ग्राहक कंपनीची दोन माणसं लॅब बघायला आलेली असताना पापुद्र्याच्या खोलीतला पोरगा धावत येऊन म्हणाला, अक्का, आज नवरा नीट चिकटंना. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पाहुणे मराठी निघाले, त्यांनी हसून घेतलं.

मग पातळ काच आली. गाडीचं वजन कमी करायचं म्हणून सगळ्या कंपन्या मागं लागल्या होत्या. बॅटरीवरची गाडी हलकी झाली की तेवढ्याच चार्जिंगमध्ये चार पावलं जास्त पळते. तर बाहेरची सासू तीच ठेवायची आणि आतली सून पापडासारखी पातळ करायची. नुसती पातळ नाही. वितळलेल्या क्षारात ती बुडवून ठेवायची, म्हणजे क्षार तिच्या अंगात शिरून दाटीवाटीनं बसतो आणि वरचा थर कडक होतो. अक्कांनी लगेच निकाल दिला, म्हणजे लोणचं घातलं म्हना की.

पण विश्वास बसला नव्हता. ती पातळ काच दोन बोटांनी उचलून त्या सगळ्यांना दाखवत फिरल्या. ही काय धरनार? पोराच्या चेंडूनं जाईल. मी त्यांना ताण, दाब, लवचीकपणा, सगळं फळ्यावर काढून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पैज लावली. काच हरली तर मी अख्ख्या विभागाला भिगवणची मासळी खाऊ घालायची, जिंकली तर त्या शेंगोळी करून आणणार. गोळा पडला. काच लवली, चांदणी उमटली, गोळा टुणकन उडून बाजूला गेला. अक्कांनी वाकून खालनं वरनं बघितलं, आतल्या बाजूनं बोट फिरवलं. बोटाला कणही लागला नाही. दुसऱ्या दिवशी शेंगोळी आली, पातेलं भरून, लसणाच्या फोडणीची. वाढताना म्हणाल्या, हारले तर हारले, पर सून गुणाची निघाली. त्या दिवसापासून पातळ काचेच्या विरोधात कुणी बोललं की अक्का अंगावर जायच्या. कालपर्यंत आपणच तिला नावं ठेवत होतो हे त्यांच्या गावीही नसायचं.

त्याच सुमाराला नायर साहेब प्लँटचे मुख्य म्हणून आले. केरळातले, हसतमुख, आणि मराठी शिकायचंच असा पण करून आलेले. भिंतीवरचं, फळ्यावरचं, ट्रॉलीच्या मागं लिहिलेलं, दिसेल ते मोठ्यानं वाचायचे. आमच्या लॅबच्या दारात एक फळा आहे. त्यावर रोज चाचणीत फुटलेल्या काचांचा आकडा लिहितात. अक्कांनी ‘फुटलेल्या’ कधीच पुसून तिथं ‘वाढलेल्या’ लिहून ठेवलं होतं. मी दोनदा दुरुस्त केलं, दोनदा ते परत झालं, मग मी नाद सोडला. नायर साहेबांना ‘वाढ’ हा शब्द चांगला माहीत होता. पगारवाढ हा शब्द युनियननं त्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवला होता. ते रोज फळा बघायचे आणि खूश व्हायचे.

एक दिवस ग्राहकांसमोर बैठकीत त्यांनी अभिमानानं सांगितलं की इतर विभाग सोडा, आमच्या लॅबमध्येसुद्धा रोज काचा वाढत आहेत. बैठकीला बसलेली आम्ही मराठी मंडळी एकमेकांकडं बघेनाशी झालो. बाहेर आल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, लॅब काचा बनवते कशी? आता काय सांगणार, कपाळ? मी सांगितलं, की आमच्यात नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. मंगळसूत्र तुटलं तरी वाढलंच म्हणायचं. त्यांनी डोळे मोठे केले. मग तुमच्या भाषेत तुटणं म्हणजे वाढणं? मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो तोवर मागनं अक्का बोलल्या.

“समद्याचं न्हाय सायेब. कप फुटतो, बशी फुटते. ज्याच्यावर जीव हाय तेवढंच वाढतं.”

नायर साहेब पोट धरून हसले. त्यांना दुसऱ्यावर हसता यायचं तसं स्वतःवरही यायचं, हा माणसाचा मोठेपणा. ‘वाढलेल्या’ तसंच राहू द्या म्हणाले. पुढं ग्राहक आले की हा किस्सा ते स्वतःच रंगवून सांगायचे.

पातळ काचेची लाइन मोठी करायचं ठरलं तेव्हा तिथं बायका घ्यायच्या असं ठरलं, कारण ती काच धरायला हात हलका लागतो. भिगवणकडच्या, काटेवाडीकडच्या पंचवीस-तीस जणी आल्या. आणि पहिल्याच सकाळी गेटवर घोड्यानं पेंड खाल्ली. क्षारात मुरायच्या आधी त्या काचेला केसाएवढा ओरखडा गेला तरी ती कामातनं जाते. त्यामुळं हातात काही चालत नाही, अंगठी नाही, घड्याळ नाही, बांगडी तर नाहीच. बायका म्हणाल्या, नवरा जिता असताना मोकळ्या हातानं आमी न्हाय बसायचो. चार-पाच जणी तर तिथनंच परत फिरल्या. सुरक्षा अधिकारी नियमावर बोट ठेवून, बायका मनगट धरून. डिस्पॅचचे जगताप तिथं उभे होते. त्यांनी शहाणपणा करून पुरुषांच्या घोळक्यात म्हटलं, अरे तुमी तरी काच धरा, का तुमी बी बांगड्या भरल्यात? अक्कांनी जगतापांचा हात धरला, मूठ दाबून बघितली आणि सांगितलं, अडीचचं माप बसंल, देऊ का आणून? जगताप तेव्हापासून ही म्हण वापरत नाहीत.

अक्कांनी तोड काढली ती अशी. गेटवरच्या केबिनशेजारी सावलीत त्या स्टूल टाकून बसल्या. एकेकीचा हात मांडीवर घेऊन, पंजा दाबून, बोलत बोलत सगळ्या बांगड्या उतरवल्या. एकही पिचली नाही. प्रत्येकीचा जुडगा वेगळा खुंटीला अडकवला, आणि हात मोकळा नको म्हणून मनगटाला सुताचा दोरा बांधला. तो हातमोज्याखाली जातो, काचेला लागत नाही. पहिल्या दिवशी दोरा हळदीचा होता. मी तणतणलो, काचेला पिवळा डाग पडला तर जबाबदार कोण? दुसऱ्या दिवसापासून पांढरा. संध्याकाळी शिफ्ट सुटली की पुन्हा रांग, दोरा सोडायचा, बांगड्या भरायच्या. हळूहळू बायका एकमेकींच्या भरायला शिकल्या. अक्का नुसत्या स्टुलावर बसून हुकूम सोडायच्या. अगं अंगठा आत घे. अगं तुझी जाव हाय का ती, येवढ्या जोरात दाबतीस? ती दहा-पंधरा मिनिटं गेटवर जो कलकलाट चालायचा तो ऐकून दिवसभराचा शीण जायचा. माझासुद्धा, खोटं का बोलू.

त्या रांगेत रोज सगळ्यात पुढं असायची भिगवणजवळच्या डाळजची मनीषा. हसरी, बोलघेवडी, आणि पातळ काच धरायला तिच्यासारखा हात अख्ख्या लाइनवर नाही. तिच्या हातनं काच उचलली जायची तेव्हा आवाजच यायचा नाही. अक्कांचा तिच्यावर विशेष जीव. लाइनवर शिकवणारी म्हणून तिचं नाव पुढं जावं असं अक्कांनी नायर साहेबांच्या कानावर घालून ठेवलं होतं, आणि ते जवळजवळ झालंही होतं.

तिचा नवरा पिकअप चालवायचा. काविळीनं गेला. दवाखाना झाला, गावठी औषध झालं, आणि आठ-दहा दिवसांत माणूस संपला. नवव्या दिवशी दुपारी अक्कांना मनीषाचा फोन आला. मी शेजारीच होतो, आवाज बाहेर येत होता. नोकरी सोडते म्हणाली. अक्कांनी विचारलं, घरचे अडवतात का? सासू अडवत नव्हती. सासूसुद्धा तरुणपणीच विधवा झालेली, तिनं शेत राखून पोरगा वाढवलेला, कामाला तिची ना नव्हती.

“मग झालं काय?”

“उद्या दहावा हाय. बांगड्या वाढवनार हायत. अक्का, मी गेटावर कशी येऊ? समद्या सांजच्याला हात पुढं करतील, आन मी कुठं उभी राहू?”

अक्कांनी फोन ठेवला. गेटवरची रांग त्यांनीच लावलेली. बायका टिकाव्यात म्हणून केलेली गोष्ट, आणि तिच्याच पायी हातची बाई चालली होती. मला म्हणाल्या, मास्तर, उद्या तुमची गाडी काढा.

मी एरवी कुरकुरलो असतो. त्या दिवशी नाही कुरकुरलो.

सकाळी भिगवणच्या रस्त्याला लागलो. गळीत हंगाम ऐन भरात होता. पुढं उसाची ट्रॉली, तिच्या पुढं आणखी एक, आणि दोन्हीतनं वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला, लोंबतंय. ओलांडून जायची सोय नाही. अक्का मांडीवर पिशवी धरून बसल्या होत्या. मग समोर बघतच बोलायला लागल्या. त्यांचे वडील गेले तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. इंदापुरातल्या त्यांच्या घरात आढ्यापर्यंत बांगड्यांच्या चळती रचलेल्या, बायका-मुलींची रीघ लागलेली, आणि त्या सगळ्यात आईचे हात मोकळे. त्या हातांनी भरून घ्यायला गिऱ्हाईक तयार होईना, म्हणून दहा वर्षांची विमल दुकानात बसली. त्या म्हणाल्या, “घरभर काकणं, मास्तर, आन आईच्या हातात वाजाय एक न्हाय.”

तेवढ्यात ट्रॉलीच्या चाकाखालनं दगड उडाला आणि माझ्या समोरच्या काचेवर टण्णकन बसला. मी करकचून गाडी बाजूला घेतली आणि त्या ट्रॅक्टरवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. गाडी नवी, काच आमच्याच कारखान्यातली, पातळ सुनेची. अक्कांनी आतल्या बाजूनं हात फिरवला, सवयीप्रमाणं. बाहेर बारीक चांदणी पडली होती, आत गुळगुळीत. धरलंय तिनं, चला, म्हणाल्या. मी गाडी काढली.

घरासमोर मांडव होता. घाटावरचं उरकून पुरुष माणसं परतली होती, मी त्यांच्यात जाऊन बसलो. अक्का आत गेल्या. थोड्या वेळानं एक लहानगी निरोप घेऊन आली, की गाडीतली पिशवी मागवलीय. मी पिशवी घेऊन दारापर्यंत गेलो, ती आत दिली आणि पाय तिथनं निघेचना. पडवीत बायका कोंडाळं करून बसल्या होत्या. मध्ये मनीषा, मान खाली, हातात तिच्या रोजच्या हिरव्या बांगड्या. तिला मागनं धरून तिची सासू, पारूबाई, कपाळ आणि हात कधीचे मोकळे. आणि समोर नवऱ्याची थोरली आत्या. आत्या काही दुष्ट बाई नव्हती. तिच्या डोळ्यालाही पाण्याची धार होती. रीत म्हणून पुढं झालेली.

आत्या म्हणाली, कासारीण बी आलीय, तिच्याच हातनं हू द्या. “वाढवा बाई तिच्या बांगड्या.”

अक्का मनीषासमोर मांडी घालून बसल्या. “वाढवू म्हंता?”

“व्हय. वाढवा.”

“बरं,” म्हणून अक्कांनी पिशवीत हात घातला, दोन बांगड्या काढल्या, मनीषाचा पंजा दाबला, आणि कुणाला काही कळायच्या आत होत्या त्या बांगड्यांच्या पुढं त्या भरल्या. मग दुसरा हात घेतला. त्यातही दोन. काचेचा किणकिण आवाज झाला. दहाव्याच्या घरात तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मनीषानं मान वर केली.

“ह्या घ्या, वाढवल्या.”

आत्याला आधी कळेचना. मग ती म्हणाली, अगं बाई, तुला काय सांगितलं आन तू काय केलंस? अक्का जराही आवाज न चढवता म्हणाल्या, तुमी वाढवा म्हनला, मी वाढवल्या. दुसरं काय म्हनायचं आसंल तर तसं म्हना.

“म्हना की. हिच्या तोंडाकडं बघून म्हना, फोडा हिच्या बांगड्या. मी आत्ता फोडते.”

मी आत्याकडं बघत होतो. तिनं तोंड उघडलं. मनीषाकडं बघितलं. तो शब्द रोज शंभरदा वापरायचा, कप फुटला, मडकं फुटलं, त्यात काय आहे? पण तो तिच्या ओठावर येईना. तिनं बाजूच्या बाईकडं बघितलं, त्या बाईनं पदर तोंडाला लावला. एवढ्या बायका तिथं होत्या, एकीलाही तो शब्द उच्चारता आला नाही. वाढवा म्हणून जे पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं ते त्या एका शब्दापाशी अडून बसलं. मला रडू फुटलं, आणि मी ते लपवलंही नाही.

मग पारूबाईनं, सासूनं, मनीषाचं मनगट स्वतःच्या हातात घेतलं. नव्या बांगड्या पुढं-मागं सरकवून बघितल्या.

“सैल हायत ह्या,” ती अक्कांना म्हणाली. “कामाची पोर हाय. मापाच्या भर.”

अक्कांनी मापाच्या भरल्या. आत्या उठली, डोळे पुसले, आणि चहाचं काय झालं म्हणून चुलीकडं गेली. परत येताना गाडीत अक्कांनी रडून घेतलं, अगदी मोकळेपणानं, आणि बारामती जवळ आल्यावर मला म्हणाल्या, नायर सायबाचे उपकार हायत बगा. ते चुकले नसते तर मला सुचलं नसतं.

महिन्याभरानं मनीषा गेटवर आली. रांगेत सगळ्यात शेवटी उभी राहिली. अक्कांनी स्टुलावरनं हाक मारली, अगं पुढं ये, तुझी जागा ही का? बायकांनी वाट दिली. बांगड्या उतरल्या, दोरा बांधला, संध्याकाळी दोरा सुटला, बांगड्या भरल्या. दुसऱ्या दिवशी तीच पुढं होती. आता ती पातळ काचेच्या लाइनवर नवीन बायकांना शिकवते. सासू, सून आणि नवऱ्याचं ते व्याकरण तिच्या तोंडी आलंय. नवऱ्यापाशी आल्यावर ती क्षणभर थांबते, आणि मग सांगते, की तो दिसत नाही, पण दोघींना धरून ठेवतो. पारूबाईनं म्हणे एकदा ते ऐकलं आणि बरोबर आहे म्हणाली.

अक्का गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. निरोपाच्या वेळी भाषण करा म्हटलं तर म्हणाल्या, मास्तर करतील, त्येंना आवडतं. इंदापूरच्या आठवडे बाजारात भावाचं दुकान लागतं, तिथं त्या आता हौसेनं बसतात. आमच्या फळ्यावर मनीषानं अक्षर गिरवून ठेवलंय, वाढलेल्या काचा. माझ्या गाडीची ती चांदणी पडलेली काच मी अजून बदललेली नाही. जगताप मला चिक्कू म्हणतात, म्हणोत.

मध्यंतरी कामानं इंदापूरला गेलो होतो, म्हटलं अक्कांना भेटून यावं. बाजार गच्च भरलेला. दुकानासमोर गर्दी, म्हणून बाजूनं डोकावलो. अक्का बसल्या होत्या, मांडीवर कुणाचा तरी हात घेऊन. हात म्हातारा, रापलेला, शेतात काम केलेला, नखांत माती, आणि मनगटावर एके काळच्या बांगड्यांची पांढुरकी खूणही आता उरलेली नव्हती. पारूबाई होती. शेजारी मनीषा तिचा खांदा धरून उभी. पारूबाई हात आखडून घेत होती, इकडं तिकडं बघत होती, लाजत होती, आणि अक्का पंजा हळूहळू दाबत म्हणत होत्या, सोडा सैल, दम धरा, हाताला आठवंल.

मला त्यांनी बघितलं. हातातला हात सोडला नाही.

“थांबा मास्तर जरा,” म्हणाल्या. “दोन वाढवते, मग च्या घेऊ.”

मी थांबलो.